क्षमा कुणी करायची?



शिरूर तालुक्यातून पुणे-नगर रस्ता जातो, दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर रस्ता. समजा, अशा रस्त्यावर कुणाच्या तरी बेदरकार गाडीखाली एखाद्या घरचा कमावता मुलगा गेला. महिन्याची मिस्साही झालेली नसते, पोलिसांचे दोषारोपपत्र दाखल झालेले नसते, तोच चार वडीलधारी दारात येतात. ‘गेलेला काही परत येत नाही. पैसे घ्या, सही करा. आपण ख्रिस्ती माणसे, क्षमा करायलाच हवी.’

अशा वेळी त्या आईने काय करावे?

आधी कायदा पाहू. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा खटला घरी केलेल्या सहीने आपोआप संपत नाही. ५ जुलै २००६ पासून आपल्याकडे गुन्हा कबूल करून तडजोड करण्याची सोय आहे. तिला ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणतात. सात वर्षांपेक्षा अधिक शिक्षेचे गुन्हे आणि स्त्रिया व मुलांविरुद्धचे गुन्हे तिच्यात बसत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे आरोपीने आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत स्वखुशीने कोर्टात अर्ज करायचा असतो. मग कोर्ट पीडितालाही नोटीस देऊन बोलणीला बोलावते. मृताचे वारसही पीडितच. नुकसानभरपाई तिथे ठरते. सर्वांचे पटले नाही तर खटला पुढे चालतो. त्याआधीही पीडिताला एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचे असते. अपघाताची भरपाई न्यायाधिकरणाकडे वेगळी मागता येते.

तडजोड वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षे कोर्टाच्या खेपा घालण्यापेक्षा खरी कबुली आणि योग्य भरपाई पुष्कळदा मनाला अधिक शांती देते. जक्कयानेही चारचौघांत उभे राहून चौपट परत देण्याचे कबूल केले होते. त्याने कुणाच्या दारी मध्यस्थ पाठवून गप्प राहण्याची किंमत ठरवली नव्हती.

क्षमा हे दान आहे, आणि ते जखमी झालेल्यानेच द्यायचे. शेजाऱ्यांनी ते त्याच्या वतीने देऊन टाकू नये, धर्माचा धाक घालून मागूही नये. क्षमा केली म्हणून न्याय मागणे पाप ठरत नाही.

तेव्हा अशा घरी जाताना आपण सहीचा कागद नेऊ नये. त्या आईजवळ बसावे, तिचे ऐकावे आणि तालुका विधी सेवा समितीकडे तिच्या सोबत जावे. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो.