चौकटीबाहेरचा हात

आमच्या घरात कोळी म्हणजे दसऱ्याची साफसफाई. आई लांब काठीला केरसुणी बांधायची आणि आढ्याची जळमटं ओढून काढायची. त्या जळमटांत बघण्यासारखं काही असेल, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. माझ्याही आलं नव्हतं. पुढं नोकरीला लागलो, हप्त्यावर कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घेतली, आणि भाद्रपदात सुट्टीवर आलो की भुदरगडातल्या आमच्या भाताच्या बांधावर गुडघे टेकून बसायला लागलो.

बांधावरच्या घाणेरीत एक जाळं होतं. मधोमध कोळ्याची मादी, डोकं खाली, आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे ताणलेले. पायांच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण. इंग्रजीत याला ‘सही करणारा कोळी’ म्हणतात. मॅक्रोत वस्तू एवढी जवळ येते, की जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट उमटतो. डोळे नीट आले की पाय पुसट होतात. वाऱ्याची झुळूक आली की सगळंच गेलं. लेन्स वीतभर अंतरावर नेली की ती जाळं गदागदा हलवायची.

दोन सकाळी बसलो. काहीच घडलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी संपत होती. भातातला एक नाकतोडा धरला आणि जाळ्यात टाकला.

पुढचं सगळं काही सेकंदांत झालं. ती धावली. आधी चावली नाही. पोटामागून रेशमाचा पट्टाच्या पट्टा सोडत, पायांनी नाकतोडा गरगर फिरवत तिनं त्याला गुंडाळला. मग दंश केला. फोटो अप्रतिम आला. एका दिवाळी अंकात छापूनही आला, खाली ओळ होती : ‘शिकारीचा क्षण’. ओळ मीच दिली होती.

अंक घरी आला. आबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

“ह्यो नाकतोडा तिथं कसा गावला रं?”

“मीच टाकला.”

“मग शिकार कुनाची म्हनायची?”

मला राग आला. म्हटलं, “आबा, तुम्ही तुडतुड्यांवर औषध मारता, तेव्हा किती कोळी मरतात? एका नाकतोड्याचं काय घेऊन बसलाय?”

आबा चिडले नाहीत. “मरत असतील की. पर मी कुनाला सांगतो का, ती आपसूक मेली म्हनून?”

त्या वाक्यानं मला बरेच दिवस सोडलं नाही. माझ्याकडं सबबी पुष्कळ होत्या. कोळी भुकेला होता. नाकतोडा भात खाणारा. तो काही देवाचा नंदी नव्हे. लहानपणी त्यांच्या पायांना दोरे बांधून आम्ही खेळलोय. कितीतरी जण जाळ्यावर पाण्याचा फवारा मारून खोटं दंव पाडतात. पण यातलं सगळं खरं असेल, तर मी फोटोखाली ‘नाकतोडा मी टाकला’ असं का लिहिलं नाही? चूक नव्हती तर हात चौकटीबाहेर का ठेवला? लपवलं तिथंच उत्तर होतं. पोटासाठी, पिकासाठी जीव मारावा का, हा मोठा प्रश्न, माझ्या कुवतीबाहेरचा. पण एका जिवाला सामान म्हणून वापरायचं आणि वर बघणाऱ्याला ‘हे असंच घडलं’ म्हणायचं, यात दोघांची फसवणूक होती. नाकतोड्याला बोलता येत नाही, आणि बघणाऱ्याला कळत नाही. दोघांच्या वतीनं बोलायला मी एकटाच होतो, आणि मी गप्प बसलो.

पुढं वाचनात आलं, की इंडोनेशियानं १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. फवारणीनं तुडतुडे खाणारे कोळीच मरत होते आणि तुडतुडे उलट वाढत होते. हे आबांना सांगितलं. आधी स्वतःची चूक कबूल केली होती म्हणून असेल, त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या हंगामात बांधालगतच्या वाफ्यात त्यांनी औषध मारलं नाही. “बघू तुझं कोळी काय करत्यात,” एवढंच म्हणाले.

मी अजूनही बांधावर बसतो. पुष्कळदा रिकाम्या हातानं उठतो. तो फोटो सोप्यातल्या भिंतीवर आहे. छापलेल्या ओळीखाली मी पेनानं लिहिलंय : नाकतोडा मी टाकला होता. पाहुणे वाचतात आणि विचारतात, मग फोटोत विशेष ते काय? त्यावर मला अजून नीट उत्तर देता येत नाही.