छप्पर आधी कुणाचं?

पुरानं माणसाचं घर नेलं तर ते परत उभं राहिलं पाहिजे, यावर कुणी वाद घालत नाही. उभं करत कुणी नाही, ती गोष्ट वेगळी. पण पुरानं प्रार्थनेचं घर नेलं तर? विहार, देऊळ, दर्गा, नदीकाठचं ख्रिस्ती शिबिर पाण्यात गेलं, तर त्याच्यासाठी गरिबानं खिशात हात घालावा का? आणि तो देव आपला नसेल तर?

प्रश्न हवेतला नाही. लालबाग-परळच्या चाळींत पावतीपुस्तकं फिरतच असतात. एक गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं, एक बौद्धवाडीतल्या विहाराचं. आणि एखादं अशा शिबिराचं, जिथं उन्हाळ्यात चर्चची पोरं आठ दिवस जाऊन राहतात. स्वयंपाकघर गेलं, झोपायच्या खोल्यांत गाळ, सतरंज्या-भांडी वाहून गेली. पुस्तक घेऊन दारात उभा राहतो तो परका नसतो. त्याचा खापरपणजा दुष्काळात मिशनच्या दारात गेला, आपला आजा 1956 साली धम्मात आला, एवढाच फरक. गावकुसाबाहेरची जागा दोघांची एकच होती.

आपल्यातले कार्यकर्ते लगेच सांगतात, आधी भाकर, मग देव. अर्धं बरोबर आहे. ज्याच्या घरातली चूल विझलीय त्याच्या डोळ्यांदेखत कुणी कळस चढवत असेल, तर तो धर्म नव्हे, माज आहे. पण राहिलेल्या अर्ध्याचं काय? त्यासाठी थोडं थांबून विचार केला पाहिजे.

पाणी जातपात बघत नाही, असं पेपरवाले दर पावसाळ्यात लिहितात. साफ खोटं. पाणी उतार बघतं, आणि उताराला कोण राहणार हे पैशानं आणि जातीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पाऊससुद्धा सगळ्यांवर सारखा पडत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला 73. एकच शहर. एकीकडं माणसं मोटारीत गुदमरून मेली, दुसरीकडं छत्रीवर भागलं. आमची हिंदमाता तर बशीच. चारी बाजूंचं पाणी तिथंच येऊन बसणार. आणि महाड बघा. ज्या महाडात 20 मार्च 1927 ला ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, त्याच महाडात 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी न विचारता घरात शिरलं. तिकडं वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. आपल्याला पाणी कधी मिळत नाही, नाहीतर मिळतं ते गळ्यापर्यंत.

अशा रात्री माणूस कुठं पळतो? जिथं पक्की भिंत आणि मोठं छप्पर असेल तिथं. शाळेत, समाजमंदिरात, विहारात, चर्चमध्ये, मशिदीत. त्या रात्री कुणी देवाचं नाव विचारत नाही, दार उघडं आहे का एवढंच विचारतो. म्हणून सभागृह की घर, हा झगडाच मला अर्धवट वाटतो. विचारायचं ते हे की दार कुणासाठी उघडतं. फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी उघडणार असेल तर ते क्लब झालं. विहाराचंही तेच. पाण्याच्या रात्री मातंगवाडीतलं पोरगं ओलं बाहेर उभं राहणार असेल, तर आपला विहार आणि त्यांचं देऊळ यांत फरक काय राहिला?

शिबिर म्हणजे चैन, असंही ऐकतो. ज्यांची गावाला वाडी आहे, मे महिन्यात आंबे खायला मामाचं घर आहे, त्यांना चैन वाटणारच. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात. त्यातलं पोरगं आठ दिवस झाडाखाली झोपतं, एका पंगतीत जेवतं, कुणाची शिवी न खाता गाणं म्हणतं. ही चैन नव्हे. माणसाला आपण माणूस आहोत हे कुठंतरी एकदा कळावं लागतं, आणि ते भरल्या पोटी घरात बसूनच कळतं असं नाही. नाहीतर बाबासाहेबांनी भाकरीच्या लढाईबरोबर वसतिगृहं आणि कॉलेज कशाला उभं केलं असतं?

तेव्हा शिबिर पुन्हा उभं राहावं, पण तीन सवालांची उत्तरं देऊन.

पहिला सवाल, कुठं उभं राहणार? आपल्या राज्यात नदीला दोन रेषा आखतात. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी आणि लालच्या मधे बंधनं पाळून बांधायचं. झोपडीवाल्याला ही रेषा बुलडोझर घेऊन दाखवतात, इतरांना नकाशावर सरकवून देतात. अमेरिकेत टेक्सासला ग्वाडालुपे नदीच्या काठी कॅम्प मिस्टिक नावाचं मुलींचं ख्रिस्ती शिबिर आहे, 1926 पासूनचं. 4 जुलै 2025 च्या पहाटे नदी चढली आणि तिथल्या 27 मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताया गेल्या. शिबिराचा मालकही गेला. पैशाची वाण नसलेल्या लोकांची ती पोरं. पुराच्या पट्ट्यात झोपायच्या खोल्या ठेवू नयेत, हा कायदा तिथल्या सरकारनं त्यानंतर केला. पाण्यापासून वाचलेला भाग 2026 च्या उन्हाळ्यात उघडायचं शिबिरानं जाहीर केलं, तेव्हा पोरी गमावलेल्या आईबापांतले काही म्हणाले, एवढी घाई कशाला? त्या आईबापांची बाजू मला कळते. जुन्या जागेवर श्रद्धा असते, आठवणी असतात. पण श्रद्धेला पोहता येत नाही. देवानं राखलं म्हणून परत तिथंच पोरं झोपवणं ही भक्ती नाही, दुसऱ्याच्या जिवावरचा जुगार आहे.

दुसरा सवाल, पैसा कुणाचा आणि कसल्या अटीचा? गिरगाव चौपाटीजवळ 11 मार्च 1889 ला पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं, विधवांसाठी. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा. अट अशी की धर्मप्रचार करायचा नाही, ज्या बाईचा जो धर्म तो तिनं पाळावा. सदन पुढं पुण्याला गेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. 1893 साली यावरून पुण्यात रान उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. विधवेचं डोकं भादरताना ज्या समाजाला कधी हुंदका फुटला नाही, तो तिच्या प्रार्थनेनं एवढा हादरला! पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या पैशाला दोरी असते. दोरी वाईटच असते असं नाही, पण ती कुठं बांधलीय हे माहीत पाहिजे.

दुष्काळात नगरकडचे महार-मांग मिशनकडं गेले तेव्हा त्यांना 'पोटासाठी बाटले' म्हणून हिणवलं. मी म्हणतो, पोटासाठी गेले यात लाज कुणाची? घेणाऱ्याची की त्याला उपाशी ठेवणाऱ्याची? भुकेल्यानं हात पसरणं पाप नाही. त्या हातावर भाकर ठेवताना बदल्यात त्याचं मन मागणं, हे पाप. मग ते मिशनरी मागो, शंकराचार्य मागो, नाहीतर मतासाठी ब्लँकेट वाटणारा आपला पुढारी मागो.

आज परदेशी पैशाची वाटही अरुंद झालीय. 2020 च्या कायदादुरुस्तीनं परदेशी देणगी एका संस्थेनं दुसरीला द्यायची बंदी आली, कारभाराचा खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आला, आणि ती देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरवायची सक्ती झाली. मोठी संस्था वकील लावून निभावते. गावच्या नदीकाठचं छोटं शिबिर मोठीच्या ओंजळीनं पाणी पीत होतं, ते कोरडं पडतं. मग उरतं पावतीपुस्तक. मला यात थोडं बरंही वाटतं. दहा रुपये देणारा अट घालत नाही, फक्त हिशेब विचारतो.

तिसरा सवाल तोच, हिशेब आणि किल्ली कुणाकडं? बाबासाहेबांनी 1944 साली मुंबईत ट्रस्ट केला. समाजाची स्वतःची इमारत असावी म्हणून गोरगरिबांनी पैसा-पैसा दिला. दादरचं आंबेडकर भवन हे त्या घामाचं नाव. 25 जून 2016 च्या रात्री ते पाडलं गेलं, आतल्या बुद्धभूषण छापखान्यासकट. इमारत धोकादायक होती, असं ट्रस्टी म्हणाले. हजारो माणसं रस्त्यावर उतरली, पण तोवर भिंती पडल्या होत्या. वर्गणी आपली आणि सही दुसऱ्याची, असं झालं की अंधारात काहीही होऊ शकतं. म्हणून जमा-खर्च भिंतीवर लावा. किती आले, सिमेंटला किती गेले, गाळ काढणाऱ्या मजुराला रोज काय दिला. आणि आधी काठावरच्या वाडीतल्या घरांना पत्रे मिळाले का, हेही त्याच कागदावर लिहा. गाळ काढायला तीच वाडी राबते आणि छप्पर मात्र प्रार्थनेला आधी, असं असेल तर पावती फाडू नका.

आता शेवटचं. देव आपला नाही, मग द्यायचं का? बुद्धाच्या माणसानं येशूच्या शिबिराला?

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची यादी फक्त हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती झालेल्या भावाचं नाव त्यात आलं नाही. कागद म्हणतो, तुझी जात गेली. गाव म्हणतं, कुठं गेली? चर्चमध्येही ती पूर्ण सुटत नाही. तामिळनाडूत काही ठिकाणी मेल्यावरसुद्धा दलित ख्रिस्त्याची दफनभूमी वेगळी राहिली. सरकारनं सोडलेला, गावानं धरून ठेवलेला, असा हा माणूस. त्याच्या पोराच्या शिबिराला आपण 'तुमचा देव वेगळा' म्हणून दार लावलं, तर त्या आदेशावर आपणही सही केली असं होईल.

मला देव नाही. तरी तीन सवालांची उत्तरं सरळ मिळाली तर मी पावती फाडीन, आणि मिळाली नाहीत तर आपल्या विहाराचीसुद्धा फाडणार नाही. मित्रांनो, धर्माचं नाव बघून दिलेला पैसा आपल्याच माणसांत भिंत बांधतो. पुढचा पूर ती भिंत पाडील असं समजू नका, पाणी फक्त कच्च्या भिंती पाडतं.