सुटणारा सांधा

तळोद्याच्या घरासाठी सागवानी फाटक मी सुतारकाकांसोबत केलं. एरवी कोड लिहिणारा मी. पटाशी पहिल्यांदाच हातात. आडव्या पट्टीचं कुसू उभ्या खांबाच्या खाचेत बसवायचं, आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. खिळा नाही, फेविकॉल नाही.

माझं एक कुसू सैल झालं. काका चहाला गेले तेव्हा मी खाचेत फेविकॉल ओतला. कुणाला दिसणार होतं?

काकांना कडेचा पांढरा ओघळ दिसला. म्हणाले, "पट्टी सडली की खुंटी काढून नवी घालतात. हे आता कोण उघडणार?"

आमच्या भागाने हे पाहिलंय. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं बाधित झाली. तिथल्या अनेकांनी घरं सोडवून सागाचे खांब पुनर्वसनाच्या गावी नेले, पुन्हा उभे केले.

मजबूत म्हणजे न सुटणारं, असं मला वाटायचं. ऑफिसातही घाईत मी असेच जोड मारलेत. ते उकलायला दुसरं कुणीतरी रात्रभर जागलंय. मग कामात आपण देणं कुणाचं लागतो? आज शाबासकी देणाऱ्याचं, की उद्या ते उघडणाऱ्या अनोळखी माणसाचं?

मी ते कुसू कापून काढलं. नव्या पट्टीला दोन दिवस गेले.