नाव कुणाचे घ्यायचे?

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगवते. तिथून कामशेत, इंदुरी, देहू असे काठाकाठाने कुठल्याही गावात जाऊन पेटी उघडा आणि ‘आधी बीज एकले’चे पहिले सूर काढा, मागची माणसे आपोआप टाळ उचलतात. त्यातल्या बहुतेकांना हा अभंग तुकोबांचा वाटतो. तो तुकोबांचा नाही. शांताराम आठवले यांनी तो ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी लिहिला, केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली आणि १९३६ साली विष्णुपंत पागनिसांच्या गळ्यातून तो घरोघरी गेला.

मी मावळातल्या एका भजनी मंडळात पेटीवर बसतो. माघ शुद्ध दशमीला, म्हणजे तुकोबांना गुरूपदेश झाला त्या तिथीला, आम्ही भंडारा डोंगरावर जातो. तिथे हे पद म्हणून झाल्यावर एक जुने टाळकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, “माउली, गाथ्यात दाखवा. नाही ना? मग सिनेमाचं गाणं देवापुढं कशापायी?” पखवाजावरचा मुलगा लगेच म्हणाला, “बाबा, आता ते तुकोबांचंच झालं की! कुणी केलं ते कशाला उकरायचं?”

मला दोघांचेही पटले नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

बाबांचा आक्षेप आधी घेतो. पगारी संगीतकाराने स्टुडिओत बसून केलेल्या चालीत भक्ती कुठून येणार, असे त्यांना म्हणायचे होते. केशवराव संत नव्हते, बुवाही नव्हते. १८९६ साली जन्मलेला हा माणूस मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेला आणि ती सोडून गाण्याकडे वळला. मोठमोठ्या गवयांची गायकी त्यांनी कान देऊन ऐकली, तिच्यावर ‘एकलव्य’ या टोपणनावाने परखड लिहिले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकाला त्यांचे संगीत होते आणि त्यातली पदे त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई गात. मग ‘अमृतमंथन’पासून ते ‘प्रभात’चे संगीतकार झाले. १९३७ च्या ‘कुंकू’त त्यांनी शांता आपट्यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता दिली. त्याच चित्रपटात पार्श्वसंगीत मात्र ठेवलेच नाही, रोजच्या जगण्यातल्या आवाजांवर सगळे भागवले. वाजवायचे कुठे आणि गप्प बसायचे कुठे, याची अशी जाण फार थोड्यांना असते.

एवढे सगळे येणाऱ्या माणसाने ‘आधी बीज’ला कशी चाल दिली ते पाहा. शब्द कुठे मोडत नाही. ज्याला सा कुठला आणि रे कुठला ते ठाऊक नाही, त्यालाही दुसऱ्या खेपेला ती म्हणता येते. मी ती पेटीवर काढतो तेव्हा बोटे आपसूक हरकती घेऊ बघतात, पण प्रत्येक हरकतीगणिक पद उणे होते. सगळे येत असताना ते बाजूला ठेवायला केशवरावांना किती आवर घालावा लागला असेल, ते पेटीवर बसणाऱ्याला बरोबर कळते. मी, माझे ज्ञान, माझा गळा हे सगळे शब्दांच्या पायाशी ठेवायचे, याला आपण वारकरी दुसरे काय म्हणतो? बाबा, ही साधनाच आहे. ती माळ घालून केली की पगार घेऊन, याने काय फरक पडतो?

आता पखवाजवाल्याचे म्हणणे. ते बाबांपेक्षा अवघड आहे, कारण ते ऐकायला भक्तीचे वाटते. गाणे लोकांचे झाले, कर्ता विरघळला, याहून मोठे भाग्य कोणते? आपल्या भाजे लेण्यात एका विहाराच्या भिंतीवर एक बाई तबल्यासारखी वाद्ये वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. दोन हजार वर्षे झाली. ती कोरणाऱ्याचे नाव आपल्यापर्यंत पोचले नाही. पण त्याचे नाव काळाने नेले. आठवले-भोळ्यांचे नाव आपल्याला माहीत असून आपण घेत नाही.

‘संत तुकाराम’ चित्रपटातच याचे उत्तर आहे. त्यातला सालोमालो काय करतो? तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो. ते पाहून आपल्याला चीड येते. मग दुसऱ्याचे पद तुकोबांच्या नावावर घालताना काहीच कसे वाटत नाही? मोठ्याच्या खात्यावर टाकले म्हणून ते पुण्य होत नाही. खुद्द तुकोबांनी तर असे केले नाही. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी आपल्याला कवित्वाला लावले, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगून ठेवले. ज्याचे देणे त्याच्या नावाने सांगितले.

टोपणनाव घ्यायचे की नाही हे केशवरावांनी स्वतः ठरवले. तो त्यांचा अधिकार होता. कर्त्याने मीपण सोडावे, हा त्याचा परमार्थ; ऐकणाऱ्याने कर्त्याची आठवण ठेवावी, हा आपला. त्याच्या त्यागाची सबब सांगून आपल्याला कृतघ्न होता येणार नाही.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना माझे सांगणे आहे. हे पद देवापुढे खुशाल म्हणा, भंडाऱ्यावरही म्हणा. फक्त पेटीचा भाता हलवण्याआधी दोन नावे मोठ्याने घ्या, शांताराम आठवले आणि केशवराव भोळे, आणि मग टाळ धरा.