निदल आणि पाकळी

गुलबक्षीच्या फुलाच्या पाकळ्या मोजू गेल्यास वनस्पतिशास्त्रज्ञ आपणांस थांबवील. या फुलाला पाकळ्या नाहीतच, असे तो सांगेल. सायंकाळी उमलते ती रंगीत नळी म्हणजे निदलपुंज. आणि तिच्या तळाशी जो हिरवा पेला आपण निदलांचा समजतो, तो छदांचा, म्हणजे फुलाजवळच्या रूपांतरित पानांचा. तिच्याच कुळातील बोगनवेलीची झगमगही छदांचीच. खरी फुले म्हणजे त्यांच्यामधल्या बारीक फिकट नळ्या. रंगावर किंवा कामावर न जाता शास्त्रज्ञ नाव देतो ते स्थानावरून: बाहेरचे मंडल निदलांचे, आतले पाकळ्यांचे, आणि मंडल एकच असेल तर ते कितीही रंगीत असो, बहुधा निदलांचेच मानावयाचे.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर आणि गोव्याच्या रानांतही भूतकेस फुलतो. फूल चिमुकले, नारिंगी. त्याच्या पाच निदलांपैकी चार बारीक व हिरवी. काही फुलांत पाचवे मात्र पानाएवढे वाढून पांढरे होते. दुरून डोळ्यांत भरते ते तेच. फुलपाखरांना खूण दाखविण्याचे पाकळीचे काम ते करते, आणि वर्णनात त्याची नोंद होते ती 'पाकळीसदृश निदल' अशी.

हे 'सदृश' आम्हांला खटकते. कचेरीत वर्षानुवर्षे वरिष्ठाचे काम करूनही ज्याच्या पदामागचा 'प्रभारी' हा शब्द कधी गळला नाही, अशा माणसाची आठवण होते. कुळ विचारून मग गुणांची किंमत करणाऱ्या आपल्या समाजात कोणी असेही म्हणेल की, पाहा, निसर्गातही नाव जन्मस्थानावरूनच पडते!

हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. नाव निसर्गाने दिलेले नाही, ते आपण दिले, आणि तेही निदल पांढरे होऊन गेल्यावर. त्या नावाने भूतकेसाला कशाचीही बंदी केली नाही. मनुष्यांत नाव आधी येते आणि काम मागाहून नाकारले जाते; मोगऱ्याच्या निदलांनी हिरवेच राहावे, अशी आज्ञा देणारा ग्रंथ मात्र कोणी लिहिला नाही. शिवाय निदल व पाकळी यांचे मूळही वेगळे नाही. फुलाचे सारे अवयव म्हणजे पानाचीच रूपे, असे गटेने 1790 साली मांडले होते. कोएन आणि मायरोविट्झ यांनी 1991 मध्ये दाखविले की, जनुकांच्या एका गटाची एकट्याची क्रिया झाली तर निदल होते, त्याला दुसऱ्याची जोड मिळाली तर पाकळी. आणि असे तिन्ही गट निकामी झाले तर फुलाच्या जागी पानांसारखे अवयव येतात.

तरीही स्थानावरून नाव देण्याची रीत आम्ही टाकाऊ म्हणत नाही. तिच्यावाचून दोन फुलांची तुलनाच करता येणार नाही. आम्हांला मोलाचे वाटते ते हे की, जिथे ती रीत अपुरी पडली तिथे शास्त्राने फुलाला दोष दिला नाही. सोनचाफ्यात निदल कोणते आणि पाकळी कोणती, हे रूपावरून ठरत नाही. अशा अवयवांसाठी द कांदोल याने 1827 साली 'पेताल' या फ्रेंच शब्दाची अक्षरे फिरवून 'तेपाल' हा नवाच शब्द केला. मराठीत आपण त्याला परिदल म्हणतो, आणि सोनचाफ्याच्या नोंदीत 'सदृश' लिहावे लागत नाही.