नव्या ख्रिस्ती माणसाने विडी सोडावी काय?

शास्त्रपाठ : योहान ११:३८-४४, १ करिंथ ६:१२-२०



एका खेड्यातील उपदेशक बंधूंचे पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. त्यांच्या वस्तीतील एक गृहस्थ सहा महिने नेमाने उपासनेस येत आहेत. त्यांनी दारू सोडली आहे, ते आपल्या शब्दांनी प्रार्थना करू लागले आहेत आणि बाप्तिस्मा मागत आहेत. परंतु त्यांची विडी सुटत नाही. ह्यावरून मंडळीच्या वडिलांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो की, विडी सुटेपर्यंत बाप्तिस्मा देऊ नये. दुसरा म्हणतो की, पवित्र शास्त्रात विडीचे नावही नाही, मग आडवे येणारे आपण कोण? उपदेशक विचारतात, आम्ही काय करावे?

असेच प्रश्न इतर मंडळ्यांतूनही येत असतात, म्हणून त्यांचे उत्तर खाजगी पत्राने न देता येथे देत आहो.

विडीचे नाव शास्त्रात नाही, हे खरेच आहे; आणि असणार तरी कसे? तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, त्यापूर्वी आपल्या बाजूच्या जगास ती ठाऊक नव्हती. आपल्या देशात ती पोर्तुगीज लोकांच्या मार्फत आली, आणि इतक्या वेगाने पसरली की १६१७ साली जहांगीर बादशहास तिची मनाई करावी लागली. मनाईचा उपयोग झाला नाही, हे सांगावयास नकोच. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स, ज्याच्या आज्ञेने झालेले इंग्रजी बायबल १६११ साली प्रसिद्ध झाले, त्याने १६०४ साली तंबाखूविरुद्ध एक कडक पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तंबाखूवरील जकात अतोनात वाढविली. निषेध करावा आणि महसूलही घ्यावा, ही राज्यकर्त्यांची रीत पुष्कळ जुनी दिसते.

देवाच्या भक्तांनी तंबाखू ओढिलीच नाही, असेही म्हणता येत नाही. लंडनचे थोर उपदेशक स्पर्जन ह्यांच्या उपासनामंदिरात १८७४ साली एका पाहुण्या पाळकाने तंबाखूचा निषेध केला, तेव्हा स्पर्जन उठून म्हणाले की, आपण आज रात्री देवाच्या गौरवार्थ एक चिरूट ओढून मग निजणार. त्यावर वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला. स्पर्जनांची भक्ती खोटी होती असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. ह्याच्या उलट, मुक्तिफौजेत जो शिपाई होऊ इच्छितो त्यास तंबाखू सोडण्याची प्रतिज्ञा आधी करावी लागते. म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांत ह्या बाबतीत एकच नियम आहे असे नाही.

परंतु स्पर्जनांस जे ठाऊक नव्हते ते आपणांस ठाऊक आहे. १९५० साली इंग्लंडात व अमेरिकेत वैद्यक शास्त्रज्ञांनी शेकडो रोग्यांची विचारपूस करून दाखवून दिले की, फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान ह्यांचा निकट संबंध आहे. त्यानंतर हृदयाचे विकार, दमा, तोंडाचा व घशाचा कर्करोग ह्यांविषयीही तेच सिद्ध झाले. विडी ओढणारास क्षय होण्याचा धोकाही अधिक. सिगारेटपेक्षा विडी साधी, पानात गुंडाळलेली, म्हणून कमी घातक, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अगदी उलटी आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा कमी जाते, विडी वरचेवर विझते, ती पेटती ठेवण्यासाठी माणूस अधिक जोराने व अधिक वेळा झुरका घेतो. त्यामुळे तितक्याच तंबाखूतून विषारी धूर अधिक आत जातो. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो. ह्या मंदिराच्या भिंती आतून कशाने काळवंडतात हे ठाऊक झाल्यावर, ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय आपणांस उरलेली नाही.

येथे कोणी तरी मार्काच्या सातव्या अध्यायावर बोट ठेवितो. बाहेरून आत जाणारी वस्तू माणसास विटाळवीत नाही, असे प्रभूने सांगितले नाही काय? सांगितले आहे. परंतु तेथे वाद न धुतलेल्या हातांनी जेवण्याचा व सोवळ्याओवळ्याचा होता. विष खावे की नाही ह्याचा नव्हता. आणि विडीचा धूर केवळ आत जात नाही. तो बाहेरही येतो, आणि त्याच खोलीत निजलेल्या तान्ह्या लेकराच्या छातीत शिरतो. लेकरास निवड करिता येत नाही.

पौलाच्या त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते ह्या प्रश्नाची खरी किल्ली तीच आहे. सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी आपण कशाच्याही ताब्यात जाणार नाही, असा त्याचा निश्चय आहे. ज्याने एकदा ख्रिस्तास धनी म्हटले, त्यास दुसरा धनी असावा काय? पहाटे डोळा उघडताच प्रार्थनेच्या आधी हात उशाखाली काडेपेटीकडे जातो. घरात मिठाला पैसा नसला तरी विड्यांच्या कट्ट्याला निघतो. उपासना लांबली की जीव कासावीस होतो. ह्या चाकरीस दुसरे काय नाव द्यावे? आम्ही हे ऐकीव सांगत नाही. ईश्वरज्ञानाचे शिक्षण घेत असताना आम्ही स्वतः चोरून धूम्रपान करीत होतो, आणि पौलाच्या ह्याच अध्यायावर निबंध लिहून झाल्यावर विहिरीमागे जाऊन ओढीत होतो. तीनदा सोडिले व तीनदा धरिले. चौथ्या वेळी सुटले, तेही आमच्या बळाने नव्हे.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना आजही लाज वाटते. स्वतःची सवय सुटल्यावर आम्ही फार कडक झालो. आमच्या पहिल्याच मंडळीत एक वृद्ध शेतमजूर चार रविवार उपासनेस आले. मागे भिंतीशी बसत, गीत येत नसे तरी ओठ हालवीत. पाचव्या रविवारी ते दाराशी आले, तेव्हा त्यांच्या कानावर अर्धी ओढून विझविलेली विडी खोवलेली होती. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, “बाबा, ही घाण टाकून या, नाही तर येऊ नका.” ते काही बोलले नाहीत. दोन्ही हात जोडिले, पायांत वहाणा घातल्या आणि परत गेले. ते पुन्हा आले नाहीत. पुढल्या वर्षी बाजारात त्यांच्या सुनेची गाठ पडली, तेव्हा ते वारल्याचे कळले. ती म्हणाली, “मामा तुमच्याकडं यायला लागल्यापासून दिवसाची एकच ओढत व्हते. ती बी अर्धी अर्धी करून. तुमी असं बोलल्यावर पुन्यांदा पहिल्यासारकं चालू झालं.”

त्या कानावरील अर्ध्या विडीत अर्धा विजय होता, आणि आम्हांस केवळ विडी दिसली.

ह्यास्तव योहानाच्या अकराव्या अध्यायाकडे वळू. लाजार चार दिवस कबरेत होता. प्रभूने हाक मारिली आणि तो जिवंत होऊन बाहेर आला. परंतु कसा आला? हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडास रुमाल गुंडाळलेला. आधी पट्ट्या सोड, मग जिवंत करितो, असे प्रभूने म्हटले नाही. मेलेल्याच्याने पट्ट्या सुटतात काय? आणि तो जिवंत झाल्यावर, आता पट्ट्या असू देत, त्यांचे काय एवढे, असेही प्रभूने म्हटले नाही. जवळ उभे असलेल्या लोकांस त्याने त्या सोडावयास लाविले. जीव देणे हे त्याचे एकट्याचे काम होते. पट्ट्या सोडण्याचे काम त्याने शेजाऱ्यांच्या हातांस दिले.

वडिलांचा पहिला तट पट्ट्या सुटल्याशिवाय लाजारास जिवंत मानावयास तयार नाही. दुसरा तट त्यास पट्ट्यांसकट गावात फिरू देऊ म्हणतो. दोन्ही तटांस एका गोष्टीचा विसर पडला आहे, ती ही की पट्ट्यांस हात लावावयाचा आहे तो त्यांनी.

हात कसा लावावा? सोडणारास पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात. डोके दुखते, राग येतो, झोप लागत नाही. तीन-चार आठवड्यांत ही ओढ बरीच ओसरते. त्या दिवसांत त्यास एकटे सोडू नये. संध्याकाळी पारावर विडी पुढे करणारे चार जण असतात, आणि नाही म्हणणे म्हणजे सोबत तोडणे असे त्यास वाटते. म्हणून त्याच वेळी मंडळीतील कोणी त्याच्या घरी जाऊन बसावे. गूळ-शेंगदाणे न्यावेत, गीत म्हणावे, न जमल्यास शेताच्या गोष्टी बोलाव्यात. पुन्हा एखादी ओढिली तर गवगवा करू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. सरकारचा १८००-११-२३५६ हा बिनपैशाचा दूरध्वनी क्रमांक तंबाखू सोडू इच्छिणारांसाठीच आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसास तो आपण लावून द्यावा. आणि ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे त्यास आधी थुंकीच्या तपासणीस न्यावे. नुसती प्रार्थना करून घरी पाठवू नये.

एक गोष्ट उपदेशक बंधूंस हळूच सांगावीशी वाटते. २०१६-१७ साली सरकारने केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शंभरात चारांहून कमी लोक धूम्रपान करणारे निघाले. तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे वगैरे मात्र शंभरात चोवीस. विडीचा धूर दिसतो म्हणून ती सापडते. गालातली गोळी आणि पहाटेची मशेरी कोणास दिसत नाही. चंची कमरेला लावून विडीवर प्रवचन करणारे आम्ही पाहिले आहेत. पेटवावी लागत नाही म्हणून ती निराळी, असे तोंडाच्या कर्करोगास वाटत नाही.

ह्याहून अवघड प्रश्न विड्या वळणाऱ्या आमच्या बहिणींचा आहे. सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ह्या भागांत हजारो स्त्रिया ह्याच कामावर घर चालवीत आल्या आहेत. पाने भिजवावयाची, कापावयाची, तंबाखू भरून वळावयाची, दोरा बांधावयाचा; मजुरी हजारावर मोजली जाते, आणि वाईट ठरविलेल्या विड्या कारखान्यात बाजूला काढिल्या जातात, त्यांचे श्रम फुकट. तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते ती निराळीच. अशी एखादी बहीण रविवारी दानपेटीत नाणे टाकिते. ते नाणे अशुद्ध आहे असे म्हणावयास आमची जीभ वळत नाही. जो विडी ओढतो तो सोडू शकतो. जी वळते तिने सोडिली तर लेकरे काय खातील, ह्याचे उत्तर सोडावयास सांगणाराजवळ असले पाहिजे. शिवणयंत्र असो, कोंबड्या असोत, बचतगट असो, मंडळीने आधी दुसरी वाट उघडावी आणि मग बोलावे. तोवर तिला दोष देऊ नये, आणि तिच्या मुलीस तरी शाळेतून काढून सुपापुढे बसवू देऊ नये.

आता उपदेशक बंधूंस नेमके उत्तर. नव्या ख्रिस्ती माणसाने विडी सोडावी काय? होय, सोडावी, आणि जुन्याने त्याच्याही आधी सोडावी. परंतु विडी ही बाप्तिस्म्याच्या दारावरील कडी करू नये. यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनी परराष्ट्रीय शिष्यांच्या मानेवर नवे जू ठेवण्याचे नाकारिले, हे प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५, ह्यात आहे. वडिलांच्या बैठकीत तो वाचून दाखवावा. उमेदवारास विचारावयाचे ते हे की, येशू हा तुझा प्रभू आहे काय, आणि तो दाखवील ते सोडावयास तू राजी आहेस काय. राजी असेल तर तेवढे पुरे. किती दिवसांत सुटेल ह्याचा करार लिहून घेऊ नये.

त्या गृहस्थांचे नाव यादीत घालावे. बाप्तिस्म्याच्या विधीसाठी पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही येऊ. शनिवारी संध्याकाळच्या मोटारीने उतरू आणि ती रात्र, त्यांची हरकत नसल्यास, त्यांच्याच ओसरीवर काढू. रात्री त्यांस ओढ लागली तर आम्ही जागे असू.