कोणता डिसोजा?

रविवारी मिस्सेनंतर आपल्या चर्चच्या आवारात कुणी 'डिसोजा' अशी मोठ्याने हाक मारली, तर निदान दहाजण मागे वळून पाहतील. 'लोपीस' म्हटले तरी तेच. म्हणून मरणाची घंटा वाजली की आपला पहिला प्रश्न असतो, "कोणता?" मग उत्तर येते, "विहिरीजवळचा", "मास्तरांचा धाकटा", "बँकेत होता तो."

ही आडनावे आपल्याकडे आली कशी? १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. त्या काळात स्नानसंस्कार घेणाऱ्याला अनेकदा धर्मगुरूंचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळत असे. त्यामुळे एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली कितीतरी घरे एकाच आडनावाची झाली. पोर्तुगीज भाषेत त्या शब्दांचे अर्थ अगदी साधे आहेत. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. आपल्या वाडीत केळी पिकतात, नासपती नाही, तरी परेरा आहेतच! पाटील, कुलकर्णी ही आडनावे कामावरून पडली, 'कर' लागणारी बहुतेक गावावरून. पुढे काम गेले, गाव सुटले, नाव तेवढे राहिले.

म्हणजे आडनाव आपण कुणीच कमावलेले नाही. मग त्याचा अभिमान कशाला? आणि त्यावरून दुसऱ्याला दोष तरी का द्यावा?

हे मी शहाणपणाने नव्हे, चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी बाजारात कानावर आले, की अमुक एकाने पतपेढीचे कर्ज बुडवले. नाव-आडनाव आमच्या शेजारच्या आळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे. "कोणता?" हे विचारायचे मला सुचलेच नाही. पुढचे दोन महिने मिस्सेनंतर ते समोर आले, की मी वाट बदलत असे. मग एक दिवस वर्तमानपत्रातली नोटीस वाचली. नाव तेच, आडनाव तेच, पण वडिलांचे नाव आणि गाव वेगळे होते.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू बोलेनास, तेव्हा मला वाटलं तुझ्या घरी काही चिंता असेल. रोज रोझरीत तुझं नाव घेत होतो." ज्यांच्या नावाला मी मनातल्या मनात डाग लावला होता, ते देवापुढे माझे नाव घेत होते!

प्रभू येशूच्या बारा शिष्यांतही शिमोन दोन होते, याकोब दोन होते आणि यहुदाही दोन होते. एका यहुदाने प्रभूला धरून दिले. दुसऱ्याने शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूला एक प्रश्न विचारला. तो सांगताना संत योहानला मुद्दाम खुलासा करावा लागला, की हा तो इस्कार्योत नव्हे. त्या एका लहानशा खुलाशात न्याय आहे. नाहीतर ज्या संत ज्यूडचा आपण अडचणीत धावा करतो, त्याला लोकांनी त्या दुसऱ्याच्याच पापात धरले असते.

आणि मरिया? क्रुसाजवळ मरिया नावाच्या तिघी उभ्या होत्या. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत एक मरिया रडत होती. समोर उभा असलेला माळीच आहे, असे तिला वाटले. मग त्याने तिला नावाने हाक मारली आणि तिने त्याला ओळखले. त्या काळी घरोघरी असलेले ते नाव, पण त्या हाकेत ती एकटीच होती.

असे प्रत्येकाला वेगळे ओळखणे आपल्याला जमणार नाही. पण एक गोष्ट जमेल. पुढच्या वेळी कुणाच्या नावावर वाईट बातमी येईल, तेव्हा ती पुढे सांगण्याआधी थांबून विचारू या, "कोणता?" आणि तो तोच निघाला, तर त्याच्या दारापर्यंत जाऊ या. त्या रात्रीच्या रोझरीत त्याचे नाव घेऊ या.